छोट्या दुकानात क्रिप्टोचलनात पैसे स्वीकारावेत का? ऐरोलीतील एका संगणक-दुकानाच्या निमित्ताने

ऐरोलीकर_हार्डवेअर

नमस्कार मंडळी. आमचे ऐरोलीत संगणकाच्या सुट्या भागांचे दुकान आहे. ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, मॉनिटर असा माल आम्ही ठेवतो आणि तो बहुतांशी लॅमिंग्टन रोडवरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर येतो. गिऱ्हाईक मुख्यतः माइंडस्पेस आणि महापे एमआयडीसीतील कंपन्यांत काम करणारी तरुण मंडळी. त्यांच्यापैकी काही जण परदेशी ग्राहकांसाठी स्वतंत्रपणे कामे करतात, त्यांचा मोबदला त्यांना यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टोचलनात), क्वचित बिटकॉइनमध्ये मिळतो, आणि तोच थेट आमच्याकडे वळवून ग्राफिक्स कार्ड घेता येईल का, अशी विचारणा गेल्या काही महिन्यांत वारंवार होऊ लागली आहे.

वडिलांचे मत स्पष्ट आहे: जे बँकेत भरता येत नाही ते गल्ल्यात घेऊ नये. मला मात्र इतक्या लवकर दार बंद करायचे नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले तेव्हाही आमच्या ओळीतील जुन्या दुकानदारांनी नाक मुरडले होते, आणि आज त्याच दुकानांतून दिवसभर साउंडबॉक्स बोलत असतो. कार्डाने पैसे घेतले की सुमारे दोन टक्के शुल्क जाते. आमच्या धंद्यातील पाच-सहा टक्क्यांच्या मार्जिनमध्ये ते जाणवते. क्रिप्टोत एकदा आलेले पैसे ग्राहक परत ओढून घेऊ शकत नाही, हेही मला आकर्षक वाटते, कारण माल ताब्यात घेतल्यावर बँकेकडे तक्रार करून कार्डाचा व्यवहार उलटवण्याचे प्रकार आमच्या ओळीत घडलेले आहेत.

माझ्या शंका अशा. हे कायद्याने चालते का? बिल कसे करायचे, जीएसटी कोणत्या किमतीवर भरायचा? आलेली क्रिप्टो लगेच विकून रुपये केले तर कर फक्त नफ्यावर लागतो की संपूर्ण रकमेवर? आणि ज्या बँकेत आमची सीसी मर्यादा (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरची कर्जमर्यादा) आहे तिला हे कळल्यास काय होईल? प्रत्यक्ष धंदा करणाऱ्यांनी आणि जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

करवही

मी नौपाड्यात कर सल्लागार म्हणून काम करतो आणि माझे बहुतेक अशील छोटे दुकानदारच आहेत, म्हणून हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो.

पहिल्या शंकेचे उत्तर असे की क्रिप्टो बाळगणे, विकणे किंवा विकत घेणे आपल्याकडे गुन्हा नाही, पण ती कायदेशीर चलनही नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पीय भाषणातच अर्थमंत्री अरुण जेटली यांनी हे स्पष्ट केले होते. त्यानंतर २०२२ च्या वित्त कायद्याने तिला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी व्याख्या देऊन कराच्या जाळ्यात आणले. याचा दुकानदारासाठी अर्थ एकच निघतो. ग्राहक तुम्हाला पैसे देत नाही, तो स्वतःची मालमत्ता देऊन तुमचा माल घेतो. हा वस्तुविनिमय आहे, आणि पुढची सगळी गुंतागुंत यातूनच सुरू होते.

जीएसटी कायद्यात विनिमय आणि अदलाबदल हेही ‘पुरवठा’ या शब्दात येतात, त्यामुळे कर चुकत नाही. मोबदला पैशात नसेल तर मालाचे खुल्या बाजारातील मूल्य धरायचे असते. म्हणजे ज्या ग्राफिक्स कार्डाची किंमत तुम्ही इतरांकडून ४०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे एकूण ४७,२०० रुपये घेता, त्याचे बिल क्रिप्टो देणाऱ्यालाही तेवढ्याचेच करायचे, आणि सरकारला जीएसटी रुपयांतच भरायचा.

आता आयकर. समजा ते कार्ड तुम्हाला ३७,५०० रुपये अधिक जीएसटीला पडले. तुमचा नफा २,५०० रुपये, आणि तो धंद्याचे उत्पन्न म्हणून तुमच्या नेहमीच्या दराने करपात्र झाला. ज्या क्षणी क्रिप्टो तुमच्या वॉलेटमध्ये आली त्या क्षणी ती तुम्हाला ४७,२०० रुपयांना पडली असे धरावे लागते. पुढे ती ४८,२०० ला विकली गेली तर वरच्या १,००० रुपयांवर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१२ रुपये जातील. तुमच्या शंकेतील ‘नफ्यावर की रकमेवर’ याचे उत्तर ‘नफ्यावर’ असेच आहे. पण उलट बाजू पाहा. भाव घसरून ती ४४,७०० ला विकली गेली, तर तुमचे २,५०० रुपये बुडाले, दुकानाचा संपूर्ण नफा गेला, आणि तरीही त्या न उरलेल्या नफ्यावर कर भरावाच लागेल, कारण आभासी मालमत्तेतील तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षावर ढकलताही येत नाही. एका क्रिप्टोतील तोटा दुसऱ्या क्रिप्टोतील नफ्यातूनसुद्धा वजा होत नाही. एक्स्चेंजचे (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजाराचे) शुल्क, इंटरनेट, सल्ला, काहीही खर्च म्हणून धरता येत नाही. फक्त खरेदीची किंमत वजा होते. तुमच्या मार्जिनच्या धंद्यात साधारण पाच टक्क्यांची घसरण सगळे पुसून टाकते, आणि बिटकॉइनमध्ये अशी घसरण एका दिवसातही होते.

टीडीएसकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. १ जुलै २०२२ पासून आभासी मालमत्ता घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मोबदल्यातून एक टक्का कर कापायचा आहे. येथे घेणारे तुम्ही आहात आणि तुमचा मोबदला म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कार्डातून एक टक्का कापून ठेवता येत नाही, म्हणून कायदा असे सांगतो की मोबदला वस्तुरूपात असेल तर तो हातात देण्यापूर्वी तेवढा कर भरला गेल्याची खात्री घेणाऱ्याने करावी. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की ग्राहकाने आधी कर भरून त्याचे चलन तुम्हाला दाखवायचे आणि मगच तुम्ही खोके त्याच्या हाती द्यायचे. त्याचा पॅन लागेल, आणि पॅन नसेल तर दर वीस टक्क्यांवर जातो. एकल मालकीच्या दुकानाची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीपर्यंत असेल तर वर्षाला एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच्या मोबदल्याला हे लागू होत नाही. उलाढाल त्याहून जास्त असेल किंवा दुकान भागीदारीत असेल तर ती मर्यादा १०,००० रुपये आहे. म्हणजे एखाद-दुसऱ्या कार्डातच मर्यादा संपते. पुढे तुम्ही ती क्रिप्टो भारतीय एक्स्चेंजवर विकलीत की तुमच्या रकमेतून पुन्हा एक टक्का कापला जाईल. तो परताव्यात मिळतो हे खरे, पण ४७,००० मागे सुमारे ४७० रुपये अडकणे म्हणजे तुमच्या २,५०० च्या नफ्याचा जवळपास पाचवा हिस्सा विवरणपत्र भरेपर्यंत अडकणे.

आणखी एक बारकावा, कारण अनेक दुकानदार कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवतात. त्यात बँकेमार्फत किंवा यूपीआय, कार्ड अशा विहित इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या विक्रीवर सहा टक्के आणि इतर विक्रीवर आठ टक्के नफा धरला जातो. विहित मार्गांच्या यादीत क्रिप्टो नाही, तेव्हा ती विक्री आठ टक्क्यांत जाते. शिवाय आभासी मालमत्तेचे उत्पन्न दाखवायचे असेल तर सोपे आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावे लागते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, पण ही रचना त्यात तशीच ठेवलेली आहे.

साखळीगडी

करवही साहेबांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे आणि कराच्या बाबतीत मी त्यात काही घालू शकत नाही. मी घणसोलीत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि बिटकॉइनच्या तंत्रावर बरीच वर्षे अभ्यास करत आलो आहे. कराच्या ओझ्यामुळे तंत्रच निकामी आहे असा समज होऊ नये, म्हणून थोडे लिहितो.

दुकानाच्या दृष्टीने पहिला प्रश्न वेळेचा. बिटकॉइनच्या साखळीत (ब्लॉकचेनमध्ये) सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, तयार होतो, आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक थांबावे असा जुना संकेत आहे, म्हणजे साधारण एक तास. नोंद न झालेला व्यवहार नुसता पडद्यावर दिसला म्हणून माल दिला तर पाठवणारा जास्त शुल्क लावून तोच पैसा दुसऱ्या पत्त्यावर वळवू शकतो. शुल्कही गर्दीप्रमाणे चढते. एप्रिल २०२४ मध्ये नव्या बिटकॉइनचे प्रमाण निम्मे झाले त्या दिवशी सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या पुढे गेले होते. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या संकेतस्थळाने एप्रिल २०१६ मध्ये बिटकॉइन स्वीकारायला सुरुवात केली तेव्हा व्यवहारामागे वीस सेंटच्या आसपास शुल्क पडत होते. डिसेंबर २०१७ मध्ये ते वीस डॉलरच्या घरात गेल्यावर त्यांनी शुल्क आणि अस्थिर भाव ही दोन कारणे देऊन ते बंद केले. ऐरोलीकरांनी हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे, कारण ती दुकानदाराचीच अडचण होती.

पण याच अडचणीवर उपाय म्हणून बिटकॉइनचे झटपट व्यवहार करणारे लाइटनिंग नेटवर्क उभे राहिले. त्यात दुकानदार रकमेचा क्यूआर दाखवतो, ग्राहक स्कॅन करतो आणि काही सेकंदांत, नगण्य शुल्कात, पैसे पोहोचतात. बीटीसीपे सर्व्हर नावाचे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालवून मध्यस्थाशिवाय बिले करता येतात, आणि संगणकाचे दुकान असलेल्या माणसाला ते अवघड नाही. ट्रॉन या दुसऱ्या साखळीवरचे यूएसडीटी साधारण मिनिटभरात पक्के होते आणि त्याचा भाव डॉलरला बांधलेला असल्याने पाच टक्क्यांच्या घसरणीची भीती बरीच कमी होते. परदेशातून कामाचा मोबदला मिळवणाऱ्या तरुणाला बँकेचे शुल्क आणि दोन-तीन दिवसांची प्रतीक्षा टळते, ही त्याची खरीखुरी सोय आहे, आणि त्याने ती आपल्या ओळखीच्या दुकानात वापरावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

डॉलरला बांधलेल्या नाण्यांबाबतही डोळे उघडे ठेवावेत. मे २०२२ मध्ये टेराचे नाणे कोसळले ते पुन्हा उठले नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली तेव्हा यूएसडीसी, जे बरेच सुरक्षित मानले जाते, तेही नव्वद सेंटच्या खाली गेले होते आणि काही दिवसांतच सावरले. दुकानदाराने एका रात्रीपेक्षा जास्त काळ ते बाळगू नये, असे मी सुचवेन.

सतरा_सेक्टर_मोबाइल

वाशीच्या सेक्टर १७ मध्ये माझे मोबाइलचे दुकान आहे. साखळीगडी यांनी लिहिलेले तंत्र बरोबर असेलही, पण काउंटरवर उभे राहिल्यावर काय घडते ते सांगतो.

आमच्याच ओळीतील एका ओळखीच्या दुकानदाराने महागडा फोन यूएसडीटी घेऊन दिला. त्याच्या वॉलेटमध्ये ‘यूएसडीटी’ नावाने हिशेबाइतका आकडा दिसला, त्याने खोके दिले, गिऱ्हाईक निघून गेले. संध्याकाळी विकायला गेल्यावर कळले की ते टोकन खोटे होते. ट्रॉनवर कोणीही कोणत्याही नावाचे टोकन तयार करू शकतो. नाव सारखे, चिन्ह सारखे, फक्त कॉन्ट्रॅक्टचा पत्ता (ज्यावरून टोकनची खरी ओळख पटते तो) वेगळा, आणि तो पत्ता ट्रॉनस्कॅनवर, म्हणजे ट्रॉनच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, तपासण्याची सवय त्याला नव्हती. पोलिसांकडे जाऊन काय सांगणार, हाही प्रश्न होताच.

दुसरा धोका साखळ्यांच्या गोंधळाचा. यूएसडीटी ट्रॉनवर असते, इथेरियमवर असते, आणखीही साखळ्यांवर असते. ट्रॉनचा पत्ता ‘टी’ या अक्षराने सुरू होतो आणि इथेरियमचा ‘शून्य-एक्स’ने, मात्र इथेरियमसारख्या इतर काही साखळ्यांचे पत्ते हुबेहूब तसेच दिसतात. ग्राहकाने चुकीची साखळी निवडली तर पैसे त्याच्याकडून जातात आणि तुमच्या दुकानाच्या वॉलेटमध्ये दिसत नाहीत, मग काउंटरवर वाद. यूपीआयमध्ये रक्कम अडकली तर बँकेत तक्रार करता येते, बहुतेक वेळा ती परतही येते. येथे तक्रार घेणारे कोणीच नाही.

तिसरी गोष्ट, वॉलेटची गुप्त शब्दमाला कोणाकडे राहणार? माझ्या दुकानात दोन मुले कामाला आहेत, ती प्रामाणिक आहेत, पण ज्या बारा शब्दांवर सगळा पैसा उभा आहे ते शब्द मी काउंटरवर ठेवू शकत नाही, आणि मी दुकानात नसताना पैसे आले की नाही हे त्यांना दिसलेच पाहिजे. यासाठी फक्त पाहण्याची सोय असलेले वॉलेट मिळते, हे मला नंतर समजले. ऐरोलीकर, तुम्ही करणारच असाल तर निदान एवढे तरी करा.

कोपरीचा_बँकवाला

मी ठाण्यात एका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि सध्या कोपरीत राहतो. सीसी मर्यादेचा प्रश्न मूळ लेखात आहे, पण त्यावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

आधी पार्श्वभूमी. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्येच लोकांना आभासी चलनांबाबत सावध केले होते. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना अशा व्यवहारांशी संबंधित सेवा देण्यास मनाई केली. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले. तरीही काही बँका त्याचा दाखला देत राहिल्या, तेव्हा ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की रद्द झालेल्या परिपत्रकाचा आधार घेऊ नये, मात्र ग्राहक ओळख, काळ्या पैशाला प्रतिबंध आणि इतर तपासण्या बँकांनी चालू ठेवाव्यात. हा उत्तरार्ध तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बँकेला मनाई नाही, पण खात्यातील अनोळखी प्रकारच्या नोंदींवर प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

सीसीचे गणित तुम्हाला माहीत आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता, त्यातील माल आणि येणे यांवरून, उधारीचा माल वजा करून, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, निघते. आता कार्ड विकले गेले, माल कमी झाला, पण त्याच्या जागी खात्यात रक्कम आली नाही. ती तुमच्या वॉलेटमध्ये आहे. बँकेच्या दृष्टीने तो माल नाही, येणे नाही आणि रोखही नाही. तेवढी तुमची ड्रॉइंग पॉवर घटली. शिवाय विक्रीची रक्कम सीसी खात्यातूनच फिरवावी, अशी अट बहुतेक मंजुरीपत्रांत असते. ती जीएसटी विवरणाशी जुळवून पाहिली जाते, आणि विक्री जास्त व खात्यातील जमा कमी दिसली की नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न उभा राहतो. एखाद्या व्यवहाराने काही बिघडत नाही. नियमित झाले तर बिघडते.

याहून मोठा धोका खाते गोठण्याचा आहे. ऑनलाइन फसवणूक झालेली व्यक्ती १९३० या क्रमांकावर तक्रार करते, आणि मग पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला त्या साखळीतील प्रत्येक बँकेला ती रक्कम रोखण्याची सूचना जाते. फसवणुकीचा पैसा यूएसडीटीत बदलून हलवणे ही चोरांची नेहमीची पद्धत झाली आहे. तुम्ही घेतलेले यूएसडीटी व्यक्ती-ते-व्यक्ती पद्धतीने विकलेत आणि घेणाऱ्याने चोरीच्या पैशातून तुम्हाला रुपये पाठवले, तर दूरच्या एखाद्या राज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचे चालू खाते रोखले जाऊ शकते. त्या दिवशी लॅमिंग्टन रोडच्या व्यापाऱ्याला दिलेला धनादेश परतला तर वर्षानुवर्षे कमावलेली उधारी जाते. माझ्या सेवाकाळात मी असे दुकानदार समोर बसलेले पाहिले आहेत, ज्यांचा काडीचाही दोष नव्हता आणि ज्यांना आठवडेच्या आठवडे निरपराधीपणाची कागदपत्रे गोळा करावी लागली. ते आठवले की आजही वाईट वाटते.

साखळीगडी

बँकवाले काकांशी मी आदरपूर्वक थोडा असहमत आहे. खाते यूपीआयने आलेल्या पैशामुळेही गोठते. फसवणुकीचा पैसा यूपीआयनेच फिरतो आणि त्यात साधे दुकानदार अडकल्याचे आपण सारेच ऐकतो. मग दोष एकट्या क्रिप्टोवर का ठेवायचा? शिवाय ७ मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आली आहेत, त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकाची ओळख तपासावी लागते. नोंदणी न केलेल्या परदेशी एक्स्चेंजची संकेतस्थळे जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडे रोखली गेली. नोंदणीकृत एक्स्चेंजवर विकले तर पैसा अनोळखी माणसाच्या खात्यातून येत नाही.

कोपरीचा_बँकवाला

तुमचा मुद्दा मी मान्य करतो, आणि म्हणूनच माझा आक्षेप व्यक्ती-ते-व्यक्ती विक्रीवर होता. फरक पुराव्याचा आहे. यूपीआयने ४७,२०० रुपये आले, त्याच दिवशी त्याच रकमेचे जीएसटी बिल आहे, त्यावर कार्डाचा अनुक्रमांक आहे, तर दुकानदार पोलिसांसमोर दोन कागद ठेवतो आणि विषय स्पष्ट होतो. यूएसडीटी विकून आलेल्या रकमेचा आकडा कोणत्याच बिलाशी जुळत नाही, पाठवणाऱ्याचे नाव ग्राहकाचे नसते, आणि मग पूर्ण साखळी समजावून सांगावी लागते.

एक्स्चेंजही संकटमुक्त नाहीत. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि लोकांची क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ अडकून राहिली. गुंतवणूकदार कदाचित थांबू शकतो. ज्याला पंधरा दिवसांत उधारी फेडायची आहे तो दुकानदार थांबू शकत नाही.

घोडबंदरची_हातमागवाली

या चर्चेतून बरेच समजले. माझे घोडबंदर रोडला हातमागाच्या साड्या आणि उपरण्यांचे छोटे दुकान आहे, आणि परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना मी कुरियरने माल पाठवते. त्यांच्यापैकी एका ताईंनी क्रिप्टोत पैसे देण्याची तयारी दाखवली आहे. ग्राहक भारताबाहेरचा असेल तर हे नियम सैल होतात का?

करवही

ताई, उलट अधिक घट्ट होतात. परदेशी पाठवलेल्या मालाचे पैसे अधिकृत बँकेमार्फत परकीय चलनात आले पाहिजेत, आणि बँकेचा तो पुरावा हाच निर्यातीच्या सवलतींचा पाया आहे. वॉलेटमध्ये आलेल्या यूएसडीटीबद्दल कोणतीही बँक तो दाखला देणार नाही. माल गेला, कुरियरची नोंद झाली आणि पैसे कागदोपत्री आलेच नाहीत, अशी स्थिती उभी राहते. एका उपरण्यासाठी ती जोखीम घेऊ नका. परदेशी कार्डे स्वीकारणाऱ्या, रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या सेवेमार्फत पैसे घ्या. शुल्क जास्त पडले तरी दाखला मिळतो.

ऐरोलीकर_हार्डवेअर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो माझ्याही डोक्यात आला नव्हता: माल परत आला तर?

ग्राफिक्स कार्डात असे होते. ग्राहक चार दिवसांनी येतो, पडदा काळा पडतो म्हणतो, आम्ही तपासतो आणि बदलून द्यायला दुसरा नग नसेल तर पैसे परत करतो. क्रिप्टोत घेतले असेल तर परत काय करायचे? जितके यूएसडीटी घेतले तितके, की जितक्या रुपयांचे बिल केले तितके रुपये? आपल्याकडच्या एक्स्चेंजवर यूएसडीटीचा भाव डॉलरच्या अधिकृत भावापेक्षा चढाच असतो, त्यामुळे ग्राहक एका भावाने हिशेब करतो आणि आम्ही दुसऱ्या.

आणि डिजिटल रुपयाबद्दलही कोणी सांगावे. माइंडस्पेसमधील एका ग्राहकाने ‘आता सरकारी क्रिप्टोही आली आहे’ असे सांगितले, त्यातून वडिलांचा आणखी गोंधळ झाला.

करवही

वडिलांचा प्रश्न अनुभवी माणसाचा आहे. विक्री झाली त्या क्षणी ग्राहकाने आपली मालमत्ता हस्तांतरित केली, म्हणजे त्याच्याही खरेदी किमतीवरच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. तुम्ही त्याला यूएसडीटी परत केलेत तर ते तुमच्याकडून झालेले नवे हस्तांतर. त्यावर पुन्हा नफा-तोटा, पुन्हा टीडीएसचा विचार, आणि ग्राहकाचा आधीचा कर काही पुसला जात नाही. जीएसटीची क्रेडिट नोट मात्र रुपयांत निघेल. म्हणून बिलावर आधीच छापून ठेवावे लागेल की परतावा बिलातील रुपयांच्या रकमेइतकाच आणि बँकेमार्फतच मिळेल. भाव चढला असेल तर तोच ग्राहक ‘माझी नाणी परत द्या’ म्हणेल, घसरला असेल तर आनंदाने रुपये घेईल, आणि दोन्ही वेळा भांडण तुमच्या काउंटरवर होईल.

साखळीगडी

डिजिटल रुपयाबाबत: तो रिझर्व्ह बँकेने स्वतः काढलेला रुपयाच आहे, नोटेप्रमाणेच कायदेशीर चलन. किरकोळ वापराची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. त्याचा भाव हलत नाही, त्यावर ३० टक्के कर नाही, आणि ग्राहक तुमच्या नेहमीच्या यूपीआय क्यूआरवरूनही तो देऊ शकतो. ऐरोलीकर, तुमच्या वडिलांना सांगा, तो बिनधास्त घ्यावा.

क्रिप्टोबाबत, माझे मत तंत्राच्या बाजूचे असले तरी, आजचा कर पाहता काउंटरवर थेट घ्या असे मी म्हणू शकत नाही. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले आणि दुकानदारांना ते घेणे सक्तीचे केले, तेथेही जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते ऐच्छिक करावे लागले. एक टक्क्याचा टीडीएस छोट्या खरेदीला माफ व्हावा आणि तोटा वजा करता यावा, ही मागणी मात्र रास्त आहे, आणि ती मी करत राहणार.

ऐरोलीकर_हार्डवेअर

आमचे ठरले. काउंटरवर क्रिप्टो घ्यायची नाही. विचारणाऱ्या मुलांना मात्र तोंडावर नकार देऊन पाठवायचे नाही. त्यांनी आपले यूएसडीटी आधी स्वतः विकावे, रुपये आपल्या खात्यात घ्यावेत आणि मग आमच्याकडे यूपीआय किंवा एनईएफटीने द्यावेत, त्यासाठी लागतील तेवढे दिवस आम्ही थोड्या अनामत रकमेवर कार्ड राखून ठेवू. अनामतही यूपीआयनेच. यात काही राहून जात असेल तर सांगावे.

कोपरीचा_बँकवाला

एक राहते. त्या मुलाने ते यूएसडीटी अनोळखी माणसाला विकले असेल, तर त्याच्या खात्यात आलेला पैसा तुमच्याकडे येतो आणि साखळीतील पुढचे खाते तुमचे असते. म्हणून नोंदणीकृत एक्स्चेंजवरच विकावे, असे त्याला आवर्जून सांगा. तुम्ही विचारू शकता, तपासू शकत नाही, हे मान्य. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी चोख ठेवा. पैसे ग्राहकाच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच घ्या, मित्राच्या किंवा भावाच्या खात्यातून नको. अनामत घेतली त्याच दिवशी तिची पावती करा. बिलावर ग्राहकाचे नाव, मोबाइल, कार्डाचा अनुक्रमांक आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहा, आणि माल घेतल्याची सही घ्या. पन्नास हजारांच्या आसपासच्या प्रत्येक विक्रीची अशी फाइल निदान काही वर्षे जपून ठेवा. बँकेचे पत्र आलेच, तर त्याच दिवशी ती फाइल घेऊन शाखेत जा, लेखी उत्तराची पोच घ्या, आणि संपूर्ण खाते न रोखता केवळ वादातली रक्कम रोखावी, अशी विनंती त्याच अर्जात करा.